पार्श्वभूमी : फीडलॉटमधली थंडी आणि एका आकड्याचा घोळ

थंडीने गुरे मरतात, हे अमेरिकेच्या मैदानी प्रदेशाला 1886-87 च्या हिवाळ्यातच कळून चुकले होते. मोकळ्या कुरणांवरचे कळपच्या कळप तेव्हा मेले आणि पशुपालक कुंपणाकडे व साठवलेल्या गवताकडे वळले. मांसासाठीची गुरे अखेरचे चार-सहा महिने उघड्या आवारात, म्हणजे फीडलॉटमध्ये, धान्यावर पोसण्याचा आजचा पसारा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्कात भूजलावरची पिके वाढली, तसे दाण्याच्या जवळ जनावर आणून ठेवणे परवडू लागले आणि थंडीबद्दलचा प्रश्नच बदलला. जनावर जगते का, यापेक्षा खाल्लेल्या दाण्याचे मांस किती होते, हे आधी विचारले जाऊ लागले.

याच हिशेबातून ‘निम्न निर्णायक तापमान’ ही संज्ञा रूढ झाली. ज्या तापमानाखाली अंगातली ऊब टिकवण्यासाठी जनावराला जादा ऊर्जा जाळावी लागते, ते हे तापमान. पशुपालकांसाठीच्या पत्रकांत वर्षानुवर्षे फिरणारा तक्ता सांगतो, की कोरडी, दाट हिवाळी लव असलेल्या गाईसाठी ही सीमा सुमारे उणे 8 अंश सेल्सिअस, साध्या हिवाळी लवेसाठी 0 आणि भिजलेल्या अंगासाठी 15 अंश असते. त्याखाली दर फॅरनहाइट अंशामागे निर्वाहाची ऊर्जागरज साधारण 1 टक्क्याने वाढते, असा ठोकताळा आहे.

तक्त्यातला शेवटचा आकडा मुंबईच्या वाचकाने जरा थांबून पाहावा. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंशांची नोंद झाली होती, त्यामुळे त्या पहाटे आरेच्या तबेल्यात पाणी मारून धुतलेली म्हैस तक्त्यानुसार थंडीच्या ताणाखाली ठरली असती. पण तक्ता गाईचा आहे. म्हशीची लव विरळ, कातडी काळी, त्यामुळे तिची सीमा त्यात शोधणेच चूक. उलट टोकाला फीडलॉटमधला भरपेट दाणा खाणारा बैल उभा आहे. पोटातल्या आंबवणाच्या उष्णतेमुळे कोरड्या, वारा नसलेल्या जागी त्याची सीमा उणे 20 च्याही बरीच खाली जाते. संज्ञा एकच असली, तरी जनावर, लव आणि खुराक बदलला की आकडा बदलतो.

खरा घोळ पुढे झाला. ऊर्जेच्या जमाखर्चासाठी घडवलेली ही सीमा हळूहळू जनावराच्या स्वास्थ्याची सीमा म्हणून वापरली जाऊ लागली. तिच्यावर तापमान असले म्हणजे जनावर सुखात, ही समजूत सोयीची असली तरी खोटी आहे. शून्याच्या आसपास बर्फ वितळून गोठ्याच्या आवारात घोट्याच्या वर चिखल साचतो. बैलाच्या पोटाखाली आणि मांड्यांवर त्याचे गोळे लटकतात, केस एकमेकांना चिकटतात, त्यांच्यात अडकलेला हवेचा थर नाहीसा होतो. बसायला कोरडी जागा नसल्याने जनावर तासन्‌तास उभेच राहते आणि चिखल तुडवत गव्हाणीपर्यंत जाणेही टाळते. हे हाल तापमापकावर दिसत नाहीत, म्हणून मोजलेही कमी गेले. कडक पण कोरड्या थंडीत हेच जनावर पुष्कळदा बरे असते.

वाऱ्याचे मोजमापही उसनेच होते. 1945 चा वारा-गारठा निर्देशांक अंटार्क्टिकात पाणी किती वेळात गोठते यावर बेतलेला, तर 2001 ची सुधारणा माणसाच्या चेहऱ्यावर. तापमान, आर्द्रता, वारा व ऊन एकत्र पाहणारा गुरांसाठीचा निर्देशांक 2010 मध्ये आला. ऑक्टोबर 2013 मध्ये दक्षिण डकोटात आधी पाऊस आणि मग हिमवादळ झाले, तेव्हा उन्हाळी लवेतली हजारो गुरे दगावली. ती कुरणावरची होती, पण ‘आधी ओले, मग थंड’ या क्रमाचा अर्थ फीडलॉटवाल्यांनाही कळला. डिसेंबर 2015 च्या वादळात टेक्सास-न्यू मेक्सिकोतल्या सुमारे 30,000 दुभत्या गाई गेल्या.

उपाय जुनेच आहेत : पाठीमागे वाराआड, आवारात मातीचे उंचवटे, खाली पेंढा आणि दाण्याचा मोठा वाटा दुपारनंतर, म्हणजे पचनाची ऊब रात्री कामी येते. त्यातही वाराआडाचा वाद मिटलेला नाही. जानेवारीत जी भिंत जनावराला तारते, तीच जुलैत हवा अडवून त्याला उकाड्यात कोंडते आणि कायमची भिंत बांधलेल्या आवारात ती काढता येत नाही.