पुंगळी पुन्हा भरणारे

माझी भाची वरळीच्या रेंजवर रायफल शिकते. मागच्या रविवारी दादरला आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा तिनं फोनवरचा एक फोटो दाखवला. ५० मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर पाच भोकं होती. चार एकमेकांना बिलगलेली, पाचवं त्यांच्या बरोबर खाली. "मामा, हा शॉट माझा नाही. हात हलला असता तर मला कळलं असतं," ती म्हणाली. नेम चुकल्यावर सगळेच असं म्हणतात. तरी मी कागद-पेन्सिल घेतली, कारण भोक डावी-उजवीकडे नव्हतं, सरळ खाली होतं.

तिच्या .२२ रायफलची (म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या नळीची) गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. ५० मीटर कापायला तिला ०.१५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला ११.३ सेंटिमीटर खाली ओढतं. हे ओढणं धरूनच साइट, म्हणजे नेम धरायची खूण, लावलेली असते. आता एखादं काडतूस जरा मंद निघालं, ३३० ऐवजी ३२० मीटर वेगाचं, तर गोळी १२ सेंटिमीटर खाली येते. फरक ७ मिलिमीटर. हवेचा अडथळा मी यात धरलेला नाही, तो धरला तर फरक आणखी थोडा वाढतो. या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक कडं ८ मिलिमीटरनं बाहेर. म्हणजे खेळाडूनं काहीही चूक न करता जवळजवळ एक गुण गेला. अंतिम फेरीत तर गुण दशांशात मोजतात. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवलं ते ४५१.४ गुणांवर. त्या दशांशामागे काडतुसांची निवडही असते.

परदेशात हजारो हौशी नेमबाज संध्याकाळी जेवण उरकून आपली काडतुसं स्वतः भरत का बसतात, याचं उत्तर याच ७ मिलिमीटरमध्ये आहे. विचारलं तर बरेच जण आधी पैशांचं कारण सांगतात, आणि ते खोटं नाही. काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर (ठोका बसताच पेट घेणारी छोटी टोपी), आतली बंदुकीची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर तीन भाग संपतात, पुंगळी मात्र उरते, आणि बहुधा तीच सर्वांत महागाची असते. ती अनेकदा भरता येते. पण वाचलेल्या पैशांत हे लोक आणखी बार उडवतात, त्यामुळे महिनाअखेरीला खर्च तेवढाच राहतो. माझ्या मते खरी ओढ वेगळीच आहे. त्यांना शंभर काडतुसं अशी हवी असतात की एक दुसऱ्यापासून ओळखू येऊ नये.

कारखान्यातलं काडतूस कुठल्याही रायफलीत चालायला हवं, म्हणून ते किंचित सैल मापाचं करतात. बार उडतो तेव्हा मोठ्या रायफलीच्या पुंगळीत हवेच्या दाबाच्या सुमारे ४००० पट दाब तयार होतो. त्या दाबानं पितळ फुगतं, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीमागच्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटतं आणि मागे येणारा वायू अडवतं. दाब उतरल्यावर ते थोडं आकसतं, पण पूर्ण नाही. ही पुंगळी आता त्या एकाच रायफलीच्या मापाची झालेली असते, जशी कोल्हापुरी चप्पल महिनाभर घातल्यावर एकाच पायाची होते. तीच पुंगळी फक्त मानेपाशी, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाशी, आवळून पुन्हा भरली, तर काडतूस दर वेळी चेंबरच्या बरोबर मधोमध बसतं.

दारूचं वजन ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मं. हौशी माणूस त्याचाही दहावा भाग मोजणारा काटा ठेवतो. झवेरी बाजारात एवढी बारकाई सोन्यासाठी करतात, इथे ती वेगासाठी. ही दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएनं ती बंदुकीसाठी वापरण्याजोगी केली. ती सुरुंगासारखी एकदम फुटत नाही, पृष्ठभागावरून आत जळत जाते. चुलीत काटक्या भडकन पेटतात आणि ओंडका सावकाश जळतो, तसंच दाण्याचा आकार बदलला की जळण्याचा वेग बदलतो. कोणत्या गोळीला, केवढ्या नळीला कोणता दाणा जुळतो, हे शोधण्यात माणसं वर्षं घालवतात. इथे चुकीला माफी नाही. चुकून दुप्पट दारू पडली तर रायफल हातात फुटू शकते. म्हणून जाणती माणसं हे काम करताना टीव्ही लावत नाहीत आणि कुणाशी बोलतही नाहीत.

सगळ्यात रमण्याजोगी गोष्ट मला पितळेची वाटते. पायधुणीच्या तांबाकाट्याला भांड्यांची दुकानं आहेत. भांडी घडवणाऱ्या कुणालाही विचारा: ठोकत गेलं की पितळ कडक होतं, आणि तसंच रेटलं तर चिरतं. म्हणून मधूनमधून ते तापवून नरम करावं लागतं. पुंगळीचंही तेच. दर बाराला फुगायचं, दर भरणीला आवळायचं. चार-सहा खेपांनंतर मान ताठर होते, गोळीवरची तिची पकड कमीजास्त होते, आणि शेवटी तिला तडा जातो. त्यामुळे हौशी लोक पुंगळीची फक्त मान ज्योतीवर तापवतात. बूड तापवायचं नाही, कारण दाब तिथेच झेलायचा असतो.

या तड्यांचं एक जुनं कोडं आपल्याच पावसाळ्यातलं आहे. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवत, आणि पाऊस सरल्यावर बाहेर काढली की कित्येक पुंगळ्या न वापरताच चिरलेल्या निघत. ऋतूवरून या रोगाचं नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. कारण नीट उलगडलं ते १९२१ साली. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया ओलसर हवेत पितळेवर बसायचा आणि ओढून घडवताना धातूत राहून गेलेला ताण त्या जागी त्याला फाडायचा. पुंगळी घडवल्यावर हलकी तापवून तो ताण घालवला की चिरणं थांबतं. ज्योतीवर मान धरणारा आजचा हौशी माणूस तोच उपाय करतो.

तरी सुरुवातीलाच या नादाला लागू नये असं मला वाटतं, आणि त्याला गणिताचा आधार आहे. नेमातल्या स्वतंत्र चुका साध्या बेरजेनं मिळत नाहीत. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावं लागतं. समजा नवशिक्याच्या हाताची चूक ८ मिलिमीटर आहे आणि काडतुसाची ६, तर एकूण १०. त्यानं रात्री जागून काडतुसाची चूक निम्म्यावर, ३ वर आणली, तर एकूण येते ८.५. एवढ्या खटाटोपातून दीड मिलिमीटर. तेच हाताची चूक २ वर आणलेल्या खेळाडूचं पाहा. त्याची एकूण चूक ६.३ वरून ३.६ वर येते. आधी हात, मग काडतूस.

आता भाचीचा प्रश्न: आपणही भरावीत का? नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसाचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रंही दारूगोळ्यातच मोजली जातात, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. दुसरं कारण तिच्या पुंगळीच्या कडेवरच दिसतं. मोठ्या काडतुसात प्रायमर बुडाच्या मध्यभागी वेगळा बसवलेला असतो, तो काढून नवा घालता येतो. .२२ मध्ये वेगळा प्रायमर नसतोच. पेट घेणारं रसायन पुंगळीच्या पोकळ कडेत फिरवून भरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची ही रचना स्वस्त आणि अचूक आहे, पण एकदाच चालणारी.

म्हणून .२२ चे खेळाडू भरण्याऐवजी निवडतात. एकाच यंत्रावर, एकाच दारूतून निघालेल्या काडतुसांना लॉट नंबर असतो. रायफल शिकंज्यात पक्की बसवून, म्हणजे माणसाचा हात पूर्ण वगळून, प्रत्येक लॉटचे बार उडवतात आणि भोकांचा घोळका मोजतात. बार उडताना नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते, आणि गोळी त्या थरथरीच्या कोणत्या क्षणी बाहेर पडते ते तिच्या वेगावर ठरतं. त्यामुळे एका रायफलीला मानवलेला लॉट शेजारच्या तशाच रायफलीला मानवेल असं नाही. मानवला, तर खेळाडू मोसमभर पुरतील इतकी खोकी एकदम घेऊन ठेवतात.

हे ऐकल्यावर भाचीनं फोनवरचा फोटो मोठा केला. लक्ष्याच्या कडेला काडतुसांची दोन खोकी दिसत होती, एक संपलेलं आणि एक नुकतंच फोडलेलं. दोघांवरचे नंबर वेगळे होते.