फिनाइलने पार्व्हो जात नाही
कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा संसर्गजन्य विषाणूजन्य आजार) झाल्यावर घर फिनाइलने पुसले की बाकीची कुत्री सुरक्षित राहतात, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. या विषाणूला स्निग्ध आवरण नसल्यामुळे फिनाइल किंवा सॅनिटायझर त्याच्यावर भरवशाने चालत नाही, आणि मातीत तो कित्येक महिने तग धरतो. आधी विष्ठेचा व उलटीचा प्रत्येक डाग, फरशीच्या सांध्यांतलासुद्धा, साबणाने घासून काढावा, कारण घाण उरली तर ब्लीच निष्प्रभ ठरते. मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून फरशी 10 मिनिटे ओली ठेवावी. बरे झालेले पिल्लूही सुमारे 2 आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर टाकू शकते. इतर कुत्र्यांची लसीकरणाची नोंद पशुवैद्याला कृपया आजच दाखवावी.