पाळीतल्या कळा आणि अंग सैल सोडणं

पोट धरून बसलेल्या मुलीला आजही सांगितलं जातं, "लग्न झालं की थांबेल." आणि ती बिचारी दात-ओठ खाऊन वर्ग संपायची वाट बघते.

हे दुखणं मनाचं नाही. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं, रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला ऑक्सिजन अपुरा पडतो आणि कळ उठते. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांत बीज सुटत नाही, तेव्हा त्रास बेताचा असतो. बीज नियमित सुटू लागलं की वाढतो. "पूर्वी नव्हतं गं दुखत," असं नववीतली मुलगी म्हणते, ते अगदी खरं असतं.

गर्भाशयाचा स्नायू आपल्या हुकमात नाही. पण कळ आली की आपण जबडा, खांदे, मांड्या आवळून धरतो, श्वास रोखतो. हे सगळं मात्र आपल्या ताब्यातलं, आणि त्या ताठरपणाने दुखणं अजूनच अंगावर येतं. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1929 साली मांडलेलं, स्नायू आधी आवळून मग सैल सोडण्याचं तंत्र इथे उपयोगी पडतं.

पाठीवर पडा, गुडघ्यांखाली उशी घ्या. पायाची बोटं पाचेक सेकंद घट्ट आवळा आणि एकदम सोडा. मग वीसेक सेकंद काहीच करू नका, पाय कसा जड होत जातो तेवढंच बघा. मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, जबडा. दुखणारं ओटीपोट आवळायचं नाही, ते नुसतं सैल सोडायचं. शेवटी एक हात पोटावर ठेवून चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गतीही मंदावते.

माझं आग्रहाचं सांगणं एकच: हे दुखत नसतानाच शिका, रोज रात्री झोपताना. ऐन कळेत नवीन काही शिकायला कुणाला जमणार?

यामुळे प्रोस्टाग्लँडिन थांबत नाहीत, म्हणून शेकही घ्या. 2001 सालच्या एका अभ्यासात सुमारे 39 अंशांचा सततचा शेक आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीचा ठरला होता. डॉक्टरांना विचारून अशी गोळी घेण्यातही कमीपणा नाही. ती प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करते.

गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, दुखणं वाढत चाललं असेल किंवा पाळी नसतानाही दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, शाळकरी वयातही होतो.