चिलटाचा कोष, गळावर बांधलेला

पाण्याकाठी चिलटांचा थवा दिसला की डास समजून आपण हातपाय झटकू लागतो. त्यातली बरीचशी काइरोनॉमिडी कुळातली असतात आणि ती चावत नाहीत. या कुळातल्या 5000 हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. अंटार्क्टिकातसुद्धा एक बिनपंखी जात तग धरून आहे. ऐन थंडीत बाकीचे कीटक जवळजवळ दिसेनासे होतात, पण चिलटं तेव्हाही पाण्यातून बाहेर पडत राहतात. त्यामुळे मोठा मासा मोठ्या घासालाच भुलतो ही समजूत इथे खोटी ठरते. हातभर लांब ट्राउट पाच-सहा मिलिमीटरचे कोष एकामागून एक टिपत असतो.

टिपतो तो मुख्यतः कोषच, आणि तोही पृष्ठभागाला लागून अडकलेला. याचं कारण पृष्ठताण. तळाच्या गाळातली अळी कोषात गेली की तिच्या आतल्या चिलटाच्या आणि बाहेरच्या कातडीच्या मध्ये वायू साठतो. तो कोषाला वर उचलतो. वर आल्यावर मात्र पाण्याचा पडदा आडवा येतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 0.072 न्यूटन. म्हणजे सेंटिमीटरभर कडेवर पडद्याची ओढ जवळपास 70 मिलिग्रॅम वजनाइतकी होते, आणि कोषाचं वजन त्याच्या कितीतरी खाली असतं. वजन लांबीच्या घनाने घटतं, पडद्याची ओढ नुसत्या लांबीने. म्हणून आपल्याला न जाणवणारा हा पडदा चिलटाला भिंतीसारखा लागतो. पाठीला चीर पडून ते बाहेर निघेपर्यंत कोष तिथेच लटकतो. ट्राउटला आणखी काय हवं?

आता प्रकाशाचं बघू. पाण्यातून हवेकडे जाणारा किरण लंबाशी 48.6 अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर बाहेर पडतच नाही, त्याचं पूर्ण आंतरिक परावर्तन होतं. म्हणून माशाला वरचं जग 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं आणि त्या खिडकीबाहेर पाण्याची खालची बाजू आरसा बनते. हाच नियम कोषातल्या वायूच्या थरालाही लागू पडतो. थर पातळ असला तरी तिरका प्रकाश त्यावरून परततो, आणि काळपट कोष चंदेरी चमकतो. चांदीचा कणही नसताना!

झेब्रा मिज नावाची फ्लाय (म्हणजे माशाला भुलवायला गळावर धागा-तार गुंडाळून बांधलेला नकली कीटक) ही चमक तारेने आणते. 20 नंबरचा गळ घ्यायचा (नंबर वाढेल तसा गळ लहान होत जातो), आधी त्यात मणी ओवायचा आणि मग गळ वाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, धरायचा. मण्यामागे काळा धागा आणि बारीक चंदेरी तार पकडून गळाच्या वाकापर्यंत न्यायची. मग धागा पुढे आणत सडपातळ अंग घडवायचं. दर वेढ्याला धाग्यात पीळ भरतो आणि अंग गाठाळ होतं, म्हणून मधूनमधून बॉबिन (धाग्याचं रीळ धरणारी दांडी) लोंबती सोडून उलटी फिरवायची. धागा चपटा झाला की वेढे एकमेकांना बिलगून बसतात. त्यावर तार मोकळे वेढे देत पुढे आणायची आणि मण्याशी व्हिप फिनिशची, म्हणजे धाग्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली दाबणारी, गाठ मारायची. तारेचे वेढे दाटीने बसले तर सगळा गळच चंदेरी होतो. काळा रंग दिसायला हवा, चमक अधूनमधून.

‘अतिनील चमक’ असलेल्या साहित्यावर मात्र फार पैसे घालवू नयेत. रेनबो ट्राउटच्या डोळ्यातल्या अतिनील प्रकाश टिपणाऱ्या पेशी वाढत्या वयात बऱ्याच कमी होतात. आणि चंद्राची कला बघून फ्लायचा रंग ठरवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मणी कुठला, हे मासा कुठल्या खोलीवर खातो त्यावर ठरतं. टंगस्टनची घनता घनसेंटिमीटरला 19.3 ग्रॅम, पितळेची साधारण 8.5; खोल पाण्यात टंगस्टन बरा. मासे वरच्या पडद्यालगत टिपत असतील तर मणी अजिबात घालू नये. त्या जागी कोषाच्या डोक्याजवळच्या श्वसनतंतूंसाठी पांढऱ्या धाग्याचा छोटा झुपका बांधावा.