गोव्यातल्या बागेला पाणी: ठिबक विकत घेण्याआधी काय मोजायचं

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. परतीच्या सरी संपल्या की नोव्हेंबरपासून मे उलटेपर्यंत बागेला आपण घालू तेवढंच पाणी. त्यात जमीन जांभ्याची. तिच्यात पाणी झटकन मुरतं आणि तितक्याच झटकन मुळांच्या खाली निघून जातं. अशा जमिनीला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देण्यापेक्षा रोज थोडं दिलेलं मानवतं, आणि ठिबक नेमकं तेच करतं. तरीही ठिबकचा तयार संच बसवलेले कितीतरी जण मार्च आला की पुन्हा नळी हातात घेतात. दोष संचाचा क्वचितच असतो. पाण्याचा दाब, पाण्यातलं लोह आणि मातीचा पोत न बघताच खरेदी झालेली असते.

सुरुवात गरजेच्या हिशेबाने करावी. एप्रिल-मे महिन्यांत माती आणि पानं मिळून दिवसाला साधारण 5 ते 6 मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 1 लिटर, म्हणून 6 चौरस मीटरच्या भाजीच्या वाफ्याला रोज 36 लिटर लागतील असं धरा. माडाला ठिबकने रोज 32 लिटर पुरतात, अशी कासारगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेची पश्चिम किनाऱ्यासाठी शिफारस आहे. आळ्यात पाणी सोडायचं तर दर चार दिवसांनी 200 लिटर, म्हणजे दिवसाला 50 पडतात. पोफळीला रोज 16 ते 20 लिटर, केळीला उन्हाळ्यात 15 तरी हवेत. 30 सेंटिमीटरच्या कुंडीतल्या भरलेल्या झाडाला 1 लिटर. तेव्हा चार माड, दहा पोफळी, चार केळी, एक वाफा आणि पंधरा कुंड्या असलेल्या परसाला रोज जवळपास 440 लिटर लागतात. मे महिन्यात विहीर किंवा टाकी एवढं देणार नसेल, तर आधी झाडं कमी करावीत, मग नळ्यांचा विचार.

मानकुरादच्या मोठ्या कलमांना या हिशेबात धरू नका. आंब्याला मोहोर येण्याआधी दोन-तीन महिन्यांचा ताण लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये त्याच्या बुंध्याशी ठिबक चालू राहिलं तर मोहोराऐवजी नवी पालवी फुटते. फळ वाटाण्याएवढं झालं की पाणी द्यायला हरकत नाही. म्हणून आंब्याच्या फाट्याला सुरुवातीपासून वेगळा व्हॉल्व्ह हवाच.

आता दाब. ड्रिपरवर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोटीवर, लिहिलेलं 4 लिटर ताशी हे माप 1 किलो दाबाचं, म्हणजे 10 मीटर उंचीच्या पाण्याचं असतं. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी जेमतेम 4-5 मीटर देते. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं: दाब चौथाई झाला तर पाणी निम्मं होतं. टाकीतलं पाणी वाफ्यापेक्षा अडीच मीटरच उंच असेल, तर तोच ड्रिपर तासाला 2 लिटर देईल आणि अशा चार ड्रिपरनी होणारं माडाचं दोन तासांचं काम चार तासांवर जाईल. यात बिघडत काही नाही, फक्त वेळ तसा धरावा लागतो. मात्र अशा ठिकाणी दाब-नियंत्रित ड्रिपर घेऊ नयेत. ते महाग असतात आणि ठरावीक किमान दाबाखाली त्यांचं नियंत्रणच चालत नाही. ते पंपावरच्या उताराच्या भाटासाठी (बागायतीसाठी) योग्य.

टायमर घेतानाही हाच घोटाळा होतो. बॅटरीवर चालणाऱ्या बऱ्याच टायमरमध्ये पडद्याचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारा) व्हॉल्व्ह असतो आणि तो नीट उघड-बंद व्हायला साधारण अर्धा किलो दाब लागतो. टाकीवर तो लावला तर कधी उघडत नाही, कधी बंद होत नाही आणि रात्रीत टाकी रिकामी होते. टाकीच्या पाण्यासाठी बॉल व्हॉल्व्हचाच टायमर मागून घ्यावा, तो शून्य दाबावरही चालतो.

पायऱ्यापायऱ्यांच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) दर मीटर उताराला दाब 0.1 किलोने वाढतो. वरच्या पायरीला 3 मीटर आणि खालच्या पायरीला 6 मीटर उंची मिळत असेल, तर खालच्या झाडांना सुमारे 40 टक्के जास्त पाणी जातं. प्रत्येक पायरीला स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवला की हे निभतं. शिवाय पंप बंद झाल्यावर पाणी खाली ओघळतं, वरच्या नळीत पोकळी तयार होते आणि ड्रिपर चिखल आत ओढून घेतात. सर्वांत उंच जागी नळीत हवा घेणारा एअर व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय हे थांबत नाही.

पण गोव्यात ठिबक बंद पाडणारी खरी गोष्ट लोह आहे. ते तपासायला काचेची पारदर्शक बाटली ताज्या पाण्याने काठोकाठ न भरता भरा, जोराने हलवा आणि रात्रभर ठेवा. पाणी उपसताना नितळ असतं, सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसतो. जमिनीखाली प्राणवायू कमी असतो, तिथे लोह विरघळलेलं राहतं. हवा लागली की त्याचं न विरघळणाऱ्या तांबड्या हायड्रॉक्साइडमध्ये रूपांतर होतं. ड्रिपरच्या आतली नागमोडी वाट जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते आणि हा गाळ नेमका तिथे साठतो. लोहावर वाढणारे जिवाणू त्यात बुळबुळीत थर घालतात. दर लिटरला 0.2-0.3 मिलिग्रॅम लोहापासूनच त्रास सुरू होऊ शकतो, 1.5 च्या वर तो हमखास होतो. बोअरच्या पाण्यात हे प्रमाण उघड्या विहिरीपेक्षा बहुधा जास्त सापडतं.

जाळीचा फिल्टर इथे एकटा उपयोगी पडत नाही, कारण विरघळलेलं लोह जाळीतून सरळ पुढे जातं. ते फिल्टरच्या आधीच गाळ बनलं पाहिजे. टाकीत पाणी वरून, भोकं पाडलेल्या पाइपातून शॉवरसारखं पाडावं, रात्रभर निवळू द्यावं आणि बागेची तोटी तळापासून 15 सेंटिमीटर वर बसवावी. त्यानंतर 120 मेशचा फिल्टर. टाकी काळी आणि झाकलेली हवी, उजेड लागला की शेवाळ धरतं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक लॅटरलचं (ड्रिपर बसवलेल्या नळीचं) टोक उघडून नितळ पाणी येईपर्यंत सोडून द्यावं.

मांडणीत सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ड्रिपर खोडाला टेकवणं. माडाला 1 मीटर अंतरावर चार बाजूंना 4 लिटरचे चार ड्रिपर लावले की दोन तासांत 32 लिटर होतात. पपईच्या बुंध्याशी सतत ओल राहिली तर बुंधा कुजतो. वाफ्यात दर 30 सेंटिमीटरला ड्रिपर असलेली इनलाइन नळी घ्या. वाळू आणि जांभ्यात ओल आडवी कमी पसरते आणि खाली जास्त जाते, म्हणून किनाऱ्यालगतच्या जमिनीत 60 सेंटिमीटरचं अंतर ठेवलं की मधली मिरची सुकते. पाणी सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर असं विभागून द्यावं. तांबडी भाजी दाट पेरलेली असते. तिला ठिबक नको, झारी किंवा बारीक तुषारच बरे.

बसवून झालं की ड्रिपरखाली वाटी ठेवून 15 मिनिटं मोजावं. 4 लिटरच्या ड्रिपरने पूर्ण दाबावर 1 लिटर द्यायला हवं. पहिल्या आणि शेवटच्या वाटीत मोठा फरक असेल तर नळी फार लांब आहे किंवा शेवट तुंबला आहे. तासाभराने वीतभर खणून ओल कुठवर गेली तेही पाहावं. माडाच्या आळ्यात सोडणांचं (नारळाच्या सालांचं) आच्छादन, फुगीर बाजू वर करून घातलं, तर ही ओल पुष्कळ टिकते.

खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. ठिबकखाली ते क्षार ओल्या भागाच्या कडेला ढकलले जाऊन तिथे साठतात. मान्सूनपूर्व हलकी सर आली की ते परत मुळांकडे येतात आणि पानांच्या कडा करपतात. त्यामुळे पहिल्या सरीला ठिबक बंद करू नये. जोराचा पाऊस लागून जमीन खोलवर भिजेपर्यंत ते चालूच ठेवावं, मग टोकं उघडून नळ्या धुवाव्यात, गुंडाळून उंदरांना न सापडतील अशा ठेवाव्यात आणि टायमरचे सेल काढून घ्यावेत.