फोनपेवरून पैसे गेले म्हणजे बेटिंग कायदेशीर ठरत नाही

आयपीएल सुरू झाली की निपाणी, खानापूर, बेळगावच्या कट्ट्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "फोनपेवरून पैसे जातात ना? मग अ‍ॅप बेकायदेशीर कसं?" दुसरी समजूत त्याहून पक्की: "आपल्या कर्नाटकात कोर्टानं मोकळीक दिलीय." दोन्ही चूक.

आधी दुसरी. कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या ऑनलाइन गेमिंगबंदीची काही कलमं रद्द केली, हे खरं. पण मुद्दा कौशल्याच्या खेळांचा होता, सट्ट्याला परवाना मिळाला नव्हता. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नव्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर घातलेली बंदी देशभरासाठी आहे. महाराष्ट्रातल्या कागलला एक कायदा आणि सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, कर्नाटकात, दुसरा, असं नाही.

आता यूपीआय. ते पिन, शिल्लक आणि खातं तपासतं; पैसे कशाला चाललेत ते नाही. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. पुष्कळदा तिथे अ‍ॅपचं नावच नसतं, कुणा अनोळखी माणसाचं भाड्याने घेतलेलं खातं असतं. मला सगळ्यात जास्त हेच बोचतं: चार पैशांसाठी आपलीच पोरं पासबुक, एटीएम कार्ड, सिम देऊन टाकतात. मग तक्रार कुठल्याही राज्यात होवो, गोठतं ते त्यांचं खातं. नव्या कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची ने-आण करणाऱ्याला आहे. खातं असं दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन लेखी कळवा. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.