खाण नियोजनातील हॉल रोडचे मॉडेल

खुल्या खाणीत शॉव्हेलपासून (खोदून डंपर भरणाऱ्या यंत्रापासून) क्रशरपर्यंत (खनिज फोडणाऱ्या यंत्रापर्यंत) किंवा ओव्हरबर्डनच्या, म्हणजे खनिजावरून काढलेल्या माती-खडकाच्या, ढिगापर्यंत डंपर ज्या रस्त्यांनी ये-जा करतात, त्या हॉल रोडची संगणकावर केलेली मांडणी. नियोजनाचे सॉफ्टवेअर या मांडणीवरून एका फेरीचा वेळ, लागणाऱ्या डंपरची संख्या, डिझेलचा खप आणि टायरची झीज यांचा अंदाज काढते. मोठ्या खुल्या खाणींत चालू खर्चाचा निम्म्याच्या आसपास वाटा वाहतुकीवर जाऊ शकतो. त्यामुळे रस्ता चुकीचा मांडला गेला, तर उत्पादनाचा सगळा आराखडाच डळमळतो.

सॉफ्टवेअरमध्ये रस्ता म्हणजे बिंदूंचे आणि त्यांना जोडणाऱ्या तुकड्यांचे जाळे. रस्त्याची मध्यरेषा जमिनीच्या त्रिमितीय मॉडेलवर टेकवली की प्रत्येक तुकड्याची लांबी आणि चढ मिळतो. वळणाची त्रिज्या, वेगमर्यादा, एकेरी की दुहेरी वाहतूक, पृष्ठभागाची अवस्था हे तपशील नियोजकाने भरायचे असतात. पहिली गफलत बहुधा मध्यरेषा टेकवतानाच होते. दर ५ मीटरला बिंदू घेतला आणि उंचीच्या मोजणीत अर्ध्या मीटरची चूक राहिली, तर सपाट रस्त्यावर १० टक्क्यांचा चढ उभा राहतो आणि मॉडेलमधला डंपर तिथे विनाकारण धापा टाकतो. उलट बिंदू फार लांब लांब घेतले, तर खरे चढ आणि वळणे पुसली जातात. म्हणून रेषा आधी गुळगुळीत करून घ्यावी आणि चढाचा आलेख डोळ्यांखालून घालावा. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळण्यासारखे नाही.

डंपरचा वेग ठरतो तो एकूण रोधावर. चढाच्या टक्क्यांत रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे चाके फिरताना रस्त्याकडून होणाऱ्या विरोधाचे, टक्के मिळवले की हा रोध मिळतो. नीट दाबलेल्या, कोरड्या रस्त्यावर रोलिंग रेझिस्टन्स २ ते ३ टक्के धरतात. चिखलात किंवा भुसभुशीत भरावावर तो कितीतरी वाढतो. उत्पादक कंपनी प्रत्येक डंपरसाठी रिमपुल आलेख देते. कोणत्या वेगाला चाकांवर किती ओढशक्ती मिळते, हे त्यावरून कळते. भरल्या डंपरने उतरताना मात्र रिटार्डरचा (उतारावर वेग आवरणाऱ्या ब्रेकयंत्रणेचा) आलेख लागतो, कारण तिथे मर्यादा इंजिनाची नसून ब्रेकची असते.

रोलिंग रेझिस्टन्सचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. १० टक्के चढाच्या रॅम्पवर (खाणीतून वर येणाऱ्या चढाच्या रस्त्यावर) तो २ चा ४ टक्के झाला, तर एकूण रोध १२ वरून १४ टक्क्यांवर जातो. पूर्ण ताकदीने चढणाऱ्या डंपरला तेवढे अंतर कापायला साधारण एक षष्ठांश वेळ जास्त लागतो. सपाट भागात तोच बदल रोध दुप्पट करतो. पण वेग आधीच वेगमर्यादेने बांधलेला असेल, तर फेरीचा वेळ जवळपास तेवढाच राहून फक्त डिझेल वाढते. संपूर्ण जाळ्याला एकच सरसकट आकडा लावणारे मॉडेल म्हणूनच विश्वासार्ह नसते. रॅम्प, शॉव्हेलजवळचा तात्पुरता रस्ता आणि ढिगावरचा रस्ता यांना वेगवेगळे आकडे द्यायलाच हवेत.

रस्ता खाणीच्या आकारातही जागा मागतो. लर्च आणि ग्रॉसमन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने खाणीची किफायतशीर सीमा काढता येते, पण त्या आकृतीत रॅम्प नसतो. तो नंतर बसवावा लागतो. दुहेरी रस्त्याची रुंदी डंपरच्या रुंदीच्या सुमारे साडेतीन पट ठेवण्याचा प्रघात आहे. ९ मीटर रुंदीच्या डंपरला ३० मीटरहून जास्त रस्ता लागतो, कडेचा बांध आणि गटार वेगळेच. १० टक्के चढाने ३०० मीटर खोलीवरून वर यायला ३ किलोमीटरचा रॅम्प हवा. एवढी पट्टी भिंतीत कोरली की भिंतीचा एकूण उतार सौम्य होतो आणि जास्तीचा निरुपयोगी खडक काढावा लागतो.

सगळ्यात कठीण भाग काळाचा. खाण खोल जाते, ढीग उंच होतो, जुना रॅम्प खणून निघतो आणि नवा सुरू होतो. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला तो कधी खुला होतो आणि कधी बंद, याची तारीख लागते. मग त्या त्या महिन्यात उपलब्ध असलेल्या जाळ्यातून सॉफ्टवेअर प्रत्येक ब्लॉकसाठी, म्हणजे नियोजनासाठी पाडलेल्या खाणीच्या प्रत्येक ठोकळ्यासाठी, मार्ग शोधते. डाइक्स्ट्राची १९५९ सालची पद्धत या शोधाचा एक प्रसिद्ध पाया आहे. मार्ग अंतरावर निवडायचा की वेळेवर, हे सांगावे लागते, कारण आखूड पण खडा रस्ता नेहमीच लवकर पोचवतो असे नाही. वर्षाचे सरासरी अंतर धरून ताफा ठरवण्याची सवय इथेच महागात पडते. वर्षअखेरीस खाण खोल गेलेली असते आणि सरासरीने मोजलेले डंपर नेमके तेव्हाच कमी पडतात.

साध्या गणितात डंपर एकमेकांना कधी भेटतच नाहीत. खऱ्या खाणीत ओव्हरटेक करायला सहसा बंदी असते, त्यामुळे एका संथ डंपरमागे बाकीच्यांचा घोळका जमतो आणि ते सगळे एकदम शॉव्हेलसमोर रांग लावतात. मधल्या वेळात शॉव्हेल रिकामा उभा राहिलेला असतो. घटनाधारित सिम्युलेशन हे दाखवते: लोडिंगचा वेळ दर खेपेला थोडा बदलतो, चौकात भरल्या डंपरला आधी सोडतात, अरुंद तुकड्यावर एकाला थांबावे लागते. हा प्रयोग अनेकदा चालवला की ताफ्यात आणखी एक डंपर वाढवल्याने उत्पादन वाढते की नुसती रांग, ते समजते. टॅलपॅकसारखी साधने ठरावीक मार्गावरच्या फेरीच्या हिशेबासाठी, तर हॉलसिमसारखी संपूर्ण जाळ्याच्या सिम्युलेशनसाठी वापरतात.

मॉडेलची पारख डिस्पॅच यंत्रणेच्या (कोणत्या डंपरने कुठे जायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) जीपीएस नोंदींवरून होते. एकूण फेरीचा वेळ जुळावा म्हणून सगळ्याला एकाच गुणकाने गुणणे ही पळवाट आहे. तसा आकडा आज जुळतो आणि रस्ता बदलला की फसतो. वेग तुकड्यागणिक ताडून पाहावा आणि जिथे फरक दिसेल तिथला चढ, पृष्ठभाग किंवा वेगमर्यादा दुरुस्त करावी. बॅटरीवर चालणाऱ्या डंपरसाठी ही तपासणी अधिकच काटेकोर लागते, कारण उतारावर किती वीज परत मिळेल आणि पुढच्या चार्जिंगपर्यंत डंपर पोचेल की नाही, हे दोन्ही रस्त्याच्या चढउतारावरूनच काढले जाते.